एन बरोबर तीन

फॉर्मवर एक रकाना आहे : कॉलेज सोडण्याचे कारण.
त्याला दिलीय अर्धी ओळ.
नाव, बी.एस्सी. दुसरं वर्ष, संख्याशास्त्र,
हे केव्हाच लिहून झालंय, अक्षरही चांगलं आलंय.
या ओळीवर मात्र पेन टेकवलं
आणि तिथल्या तिथं शाईचा ठिपका फुगत गेला.

वर्गात आम्ही तिघं.
मी, नसीमा आणि सुशांत ऐवळे,
जो पहाटे भरतीसाठी पळतो
आणि पहिल्या तासाला बसल्या जागी झोपतो.
एक झोपला की तेहतीस टक्के वर्ग झोपला,
मगदूम सर म्हणतात, आणि उरलेला खडू खिशात टाकतात.
सर जयसिंगपूरहून येतात, तासिका तत्त्वावर.
दिवाळीपासूनचं मानधन निघालेलं नाही.
तरी मी टायफॉइडमधून उठून आले तेव्हा
अख्खं बायनॉमियल पहिल्यापासून पुन्हा, माझ्या एकटीसाठी.
फळा भरला की थांबायचे. विचारायचे, पुसू?

पुण्यात ऐंशी जणांच्या वर्गात
कुणी कुणाला विचारत नाही.
मावसबहीण फोनवर तेच तर सांगते,
इथं तुझं नावसुद्धा कुणाला माहीत नसेल, बघ, किती बरं वाटतं.
आणि मला खरंच ते हवंय.
चालू होणारे कॉम्प्युटर हवेत,
लायब्ररीत माझ्याआधी कुणीतरी पेन्सिलीनं खुणा केलेलं पुस्तक,
आणि एखादा तास बुडवला
तर घरी फोन न जाणं.

आई मेणबत्तीवर भडंगाची पाकिटं सील करत होती.
मी आकडे वाचत गेले : होस्टेल, मेस, डिपॉझिट.
डिपॉझिटला तिचं एक पाकीट जळालं.
मग म्हणाली, माझ्याकडं बघून थांबू नको.
माझ्याकडं बघून जाऊपण नको.
याचा अर्थ मी दोन दिवस लावतीय.

मार्चमध्ये आम्ही मार्केट यार्डात हळदीचा नमुना घेतला.
दीडशे पोती, प्रत्येकातून एक मूठ.
सुशांत पोती मोजायचा, नसीमा लिहायची, मूठ माझी.
आठवडाभर हात पिवळा.
एक हमाल म्हणाला, मुठीवरनं पोतं कळतंय व्हय?
नसीमा म्हणाली, कळतं, थोडं चुकून.
तिथंच पोत्यावर बसून सरांनी सांगितलं,
समजा तिघांची सरासरी आधीच ठरलीय.
पहिल्यानं हवा तो आकडा घ्यावा.
दुसऱ्यानंही घ्यावा.
तिसऱ्याला निवड नाही, उरेल ते त्याचं.
याला म्हणायचं डिग्रीज ऑफ फ्रीडम. इथं दोन.
सुशांतनं विचारलं, सर, तिसरा कोण ते कसं ठरतं?
सरांनी चहा संपवला.
म्हणाले, हे परीक्षेला नाही.

ऐकलंय की तिघांपेक्षा कमी झाले
तर तिसऱ्या वर्षाला विषय उघडणार नाही.
ऑफिसात विचारलं. क्लार्क म्हणाले, वरनं काय येईल त्यावर.
सुशांत भरती निघाली की जाणार, ते सगळ्यांना माहिताय.
नसीमाला घरून परवानगी
चालत जाता येईल तेवढ्याच कॉलेजची.
सांगलवाडीहून येते ती, आयर्विन पूल ओलांडून,
उन्हाची छत्री घेऊन.

काल तिच्याबरोबर पुलापर्यंत गेले.
कृष्णा पार खाली गेली होती,
पुराचे फूट मोजणारे आकडे उघडे, कोरडे.
मी काहीच बोलले नाही. तिनंच माझ्या बॅगेतून फॉर्म काढला,
वाचला, उन्हाकडं धरला.
वाटलं, आता विचारेल.
ती म्हणाली, या ठिपक्यावर लिहिलंस तर दिसायचं नाही.
नवा घे. दहा रुपयाला मिळतो.
आणि पर्समधून दहाची नोट काढून माझ्या हातात दिली,
छत्री उघडली, गेली.
अर्ध्या पुलापर्यंत मी नुसती छत्री बघत होते.

मुदत शनिवारपर्यंत आहे.
आज गुरुवार.
नोट कंपासमध्ये ठेवलीय, कॅल्क्युलेटरच्या खाली.
उद्या पहिला तास सरांचा.